न विचारता सोपं

आमच्या साडूंइतका व्हिडिओ गेमवर जीव लावणारा आणि त्याच व्हिडिओ गेमना उठताबसता नावं ठेवणारा दुसरा माणूस दमणगंगेच्या दोन्ही काठांवर शोधून सापडायचा नाही. मुळात पन्नाशी उलटलेल्या, मसाटच्या प्लास्टिकच्या कारखान्यात चांगल्या हुद्द्यावर असलेल्या माणसाने लुंगी गुंडाळून टीव्हीपुढे मांडी ठोकावी आणि हातात कंट्रोलर घेऊन राक्षस मारावेत, हेच आमच्या नात्यागोत्यात कुणाच्या पचनी पडलं नव्हतं. बरं, बसलात तर मुकाट्याने खेळावं. तेही नाही. एक डोळा राक्षसावर आणि तोंडाने गेम बनवणाऱ्याचा उद्धार चालू. गेम खेळणारी पोरं त्यांच्यावर वैतागायची, कारण पोरांना जे जे आवडायचं ते ते यांना नको असायचं. गेम न खेळणारे आम्ही वैतागायचो, कारण आम्हाला त्यातलं अक्षर कळत नसताना सगळं ऐकून घ्यावं लागायचं. माझी बायको त्यांची धाकटी मेव्हणी. लग्न होऊन थोरली, म्हणजे आमच्या ताई, आधी सिल्वासात आली, आणि मग तिने माझी इथल्या शाळेतली नोकरी हेरून धाकटीलाही इथेच आणून बसवली. टोकरखाड्यात त्यांच्या आणि आमच्या बिल्डिंगमध्ये एक भाजीची गाडी आणि एक दवाखाना एवढंच अंतर. त्यामुळे रविवारी दुपारी त्यांच्या हॉलमध्ये बसून हे प्रवचन ऐकणं हा माझ्या संसाराचाच एक भाग होऊन गेला होता. मी त्यांना भाऊसाहेब म्हणतो. ते मला साडूभाऊ म्हणतात. हे ‘साडूभाऊ’ म्हणताना ते आवाज असा काही लांबवतात की पुढची पंधरावीस मिनिटं आपली नाहीत हे मी ओळखून असतो.

त्यांचा पहिला राग बाणावर. आजकालच्या गेममध्ये म्हणे कुठे जायचं ते दाखवणारा एक बाण पडद्यावर सतत असतो. पोरांना तो लागतोच. भाऊसाहेब गेम सुरू झाला रे झाला की सेटिंगमध्ये जाऊन तो बाण बंद करणार आणि मग दिवसच्या दिवस एखाद्या जंगलात विहीर शोधत फिरणार. “बाण असला की माणूस बाणाकडे पाहतो ना भो, रस्त्याकडे पाहत नाही,” हे त्यांचं म्हणणं. मी भूगोलाचा मास्तर असल्याने हे ऐकून सुखावलो आणि मान डोलावली, ती मला चांगलीच भोवली. एका रविवारी आम्हा सगळ्यांना गाडीत घालून ते खानवेलच्या पुढे घेऊन गेले आणि वाटेत फोनवरचा नकाशा बंद करून टाकला. म्हणाले, साडूभाऊ भूगोलवाले आहेत, आपल्याला बाण कशाला. मी वर्गात जगाचा नकाशा फळ्यावर काढतो, पण खानवेलच्या जंगलात दोन फाटे सारखेच दिसतात. आम्ही दोन्ही बाजूंना सागाची झाडं असलेल्या रस्त्याने गोलगोल फिरलो आणि शेवटी एका पाड्यावर पोचलो. तिथल्या म्हातारीने आम्हाला नागलीची भाकरी आणि कसलीशी हिरवी चटणी खाऊ घातली. मागच्या सीटवर दोघी बहिणींनी तोंडं फुगवलेली. ताई म्हणाल्या, “अहो, गेममध्ये खुशाल हरवा. आम्हाला बरोबर घेऊन हरवू नका.” भाऊसाहेब भाकरी चावत म्हणाले, “बाण असता तर ही चटणी मिळाली असती का?” चटणी खरोखरच छान होती. पण हे कबूल करायची ती वेळ नव्हती.

दुसरं त्यांचं मत याहून विचित्र. गेमची मुख्य गोष्ट म्हणजे निव्वळ कटकट, असं ते म्हणत. जगाचा नाश होणार असतो, आभाळ लाल झालेलं असतं, राजा गयावया करत असतो की बाबा रे लवकर जा आणि आम्हाला वाचव. त्याच वेळी गावातली एखादी बाई वाटेत अडवून सांगते, माझी कोंबडी हरवली आहे. भाऊसाहेब राजाला तसाच सोडून कोंबडीच्या मागे. कोंबडी सापडली की एखाद्याचं छप्पर गळतंय, ते झालं की कुणाची चिठ्ठी पोचवायची आहे. जग वाचवायचं राहूनच जाई. त्यांनी कुठला गेम पुरा केल्याचं मला तरी आठवत नाही. “राजाला वाचवायला बाकीची सगळी दुनिया बसलीये. कोंबडीवाल्या बाईला कोण आहे?” असं ते विचारत. खऱ्या जगातही तेच. ताईंच्या मामेबहिणीच्या लग्नात अंतरपाट धरला, मंगलाष्टकं सुरू झाली आणि भाऊसाहेब गायब. शोधाशोध केली तेव्हा आचाऱ्याच्या बंद पडलेल्या मिक्सरचं पोट उघडून शर्टाच्या बाह्या सरसावून बसलेले सापडले. अक्षता पडून गेल्या होत्या. चटणी मात्र वेळेवर पंगतीत आली.

पॉइंट मिळवून लेव्हल वाढणं हा तर त्यांच्या लेखी निव्वळ भ्रष्टाचार. झाडं तोडली की पॉइंट, उंदीर मारले की पॉइंट, आणि पुरेसे पॉइंट झाले की हातातली तलवार जोरात लागायला लागते, याचा त्यांना मनस्वी संताप. “खेळणाऱ्याला काही येत नाही, आकडा तेवढा वाढला. अशी प्रमोशनं आमच्या कंपनीत होतात, साडूभाऊ. गेममध्ये नको.” ही मतं ते फक्त माझ्यापुढे मांडत असते तर ठीक होतं. पण बाजारात जुन्या-नव्या गेमचं एक छोटं दुकान आहे, तिथल्या गुजराती पोरगेल्या दुकानदाराशीही ते काउंटरला टेकून तासभर वाद घालत. तो बिचारा गिऱ्हाइकांना अडखळत मराठीत सांगायचा, “काका गेम घ्यायला येते के भांडायला, ते मला समजतच नाय.” पण भाऊसाहेबांसाठी तो स्टूल मात्र पुढे करायचा. एखाद्या रविवारी ते आले नाहीत तर, काकानी तब्येत सारी छे ने, असं मला विचारायचा.

शिवाय मागे जायचं नाही, हा आणखी एक नियम. गेममध्ये चूक झाली की लोक म्हणे आधी साठवलेल्या जागेवर परत जातात आणि तिथून पुन्हा खेळतात. भाऊसाहेबांना ते मंजूर नव्हतं. सोबती मेला तर मेला, गाव जळलं तर जळलं, तसंच पुढे जायचं. एका दिवाळीला त्यांनी हॉलला रंग निवडला. डबीवर तो पोपटी दिसत होता आणि भिंतीवर चढल्यावर थेट शेवाळी झाला. ताईंनी कपाळाला हात लावला. रंगारी म्हणाला, अजून वेळ आहे, बदलून देतो. भाऊसाहेब म्हणाले, “केलं ते केलं. मागे जायचं नाही.” तेव्हापासून त्या हॉलमध्ये बसलं की टाकीच्या तळाशी बसल्यासारखं वाटतं. ताई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात, यांच्या गेमपायी मी शेवाळात संसार केला.

ही सगळी मतं हसण्यावारी नेता येत. एका मतावर मात्र ते हसत नसत आणि कुणाला हसूही देत नसत. काही गेम असे असतात की खेळणारा सारखा हरायला लागला की गेम त्याच्या नकळत सोपा होतो. शत्रू मुद्दाम नेम चुकवतो, कोपऱ्यात औषधाची बाटली जरा लवकर सापडते. खेळणाऱ्याला वाटतं, आपल्याला जमायला लागलं. बनवणाऱ्यांना याचा अभिमान असतो आणि पोरांना त्यात काही गैर दिसत नाही. भाऊसाहेबांना असा गेम घरात नको असे. सोपा गेम त्यांना चालायचा. सुरुवातीलाच विचारा की सोपा हवा का कठीण, आणि ज्याला सोपा हवा त्याला खुशाल सोपा द्या, त्यात कमीपणा नाही. “पण मागून घेतलेलं सोपं वेगळं आणि न विचारता केलेलं सोपं वेगळं. दुसरी फसवणूक आहे,” एवढं बोलून ते गप्प होत. एवढ्यावर ते गप्प होतात, याचंच मला नवल वाटायचं.

त्याचं कारण एकदा ताईंनी सांगितलं, आणि मग भाऊसाहेबांनीही पुरवणी जोडली. चाळीसगावला त्यांच्या गल्लीत ते सगळ्यांत लहान. पकडापकडीत आणि डबा ऐसपैसमध्ये थोरली पोरं त्यांना घ्यायची, पण कच्चा लिंबू म्हणून. आम्ही लहानपणी लिंबूटिंबू म्हणायचो. म्हणजे असं पोर, जे सगळ्यांबरोबर धावतं, ओरडतं, लपतं, पण त्याला धरलं तरी ते बाद होत नाही आणि त्याच्यावर कधी राज्य येत नाही. रडू नये म्हणून घेतलेलं पोर. सगळ्या गल्लीला हे ठाऊक होतं. फक्त ज्याला घेतलं होतं त्याला कुणी सांगितलं नव्हतं. त्यांना वाटायचं, आपण इतके चपळ आहोत की आपल्याला कुणी धरूच शकत नाही. रोज संध्याकाळी आईला येऊन सांगायचे, आजही मी आउट झालो नाही. मग सुट्टीत कुणाकडे तरी पाहुणा मुलगा आला. त्याने यांना धरलं आणि “आउट” म्हणून ओरडला. बाकीची पोरं त्याच्यावर ओरडली, “अरे सोड त्याला, तो कच्चा लिंबू आहे.” हे घरी गेले आणि पाण्याच्या टाकीमागे अंधार पडेपर्यंत बसून राहिले. “सगळा उन्हाळा मी जिंकतोय असं मला वाटत होतं, साडूभाऊ,” ते म्हणाले, “आणि मी खेळातच नव्हतो.” हे सांगताना या पन्नाशी उलटलेल्या माणसाचे कान लाल झाले होते. मला हसू आलं नाही.

म्हणून त्यांनी स्वतःच्या लेकीला कधी सोडलं नाही. सायली, त्यांची एकुलती एक. तिचे पाय सोफ्यावरून खाली पोचत नव्हते तेव्हापासून ते तिच्याशी मारामारीचा एक जुना गेम खेळत. पडद्यावर दोन पहिलवान, एक बापाचा, एक लेकीचा, आणि बाप लेकीला रोज धुऊन काढायचा. पोरगी रडायची, ताई चिडायच्या, माझी बायको म्हणायची की भाऊजींना काळीजच नाही. एकदा मीही बोललो, की एखादा डाव सोडा की पोरीला. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी पुन्हा तो विषय काढला नाही. सायली वर्षानुवर्षं हरली. मग दहावीच्या सुट्टीत एके दिवशी तिने बापाला हरवलं, आणि भाऊसाहेब चपला अडकवून खाली गेले आणि पेढे घेऊन आले. सगळ्या बिल्डिंगमध्ये वाटले. लोकांनी विचारलं, दहावीचा निकाल लागला का? ते म्हणाले, “तो लागेल तेव्हा लागेल. आज पोरीने मला पाडलं.” सायली पुढे पुण्याला शिकली आणि तिथेच नोकरीला लागली. पण रविवारी दुपारी ती पुण्यातून आणि हे टोकरखाड्यातून, फोन स्पीकरवर ठेवून, तोच गेम खेळत. बापलेकीचं बाकीचं बोलणं जेमतेम असायचं. जेवलीस का, हो, पाऊस आहे का, नाही. खरं काय ते त्या मारामारीतच चालायचं. कधी हा वरचढ, कधी ती.

कंट्रोलर थरथरणं हेही त्यांना कधी खपलं नव्हतं. पडद्यावर घाव बसला की हातातला कंट्रोलर थरथरतो, ती सोय ते पहिल्याच दिवशी बंद करून टाकत. घाव पहिलवानाला बसला, माझा हात कशाला हलवता, हा त्यांचा सवाल. तर मध्यंतरी एका रविवारी मी गेलो तेव्हा ते भयंकर भडकलेले होते. गेमचा नवा अपडेट आला होता आणि त्याने म्हणे ती थरथर आपोआप पुन्हा चालू केली होती. सेटिंगमध्ये बंद दाखवतंय आणि हातात चालू आहे. त्यांनी कंपनीला लांबलचक तक्रार केली. उत्तर आलं नाही, तेव्हा कंट्रोलर पिशवीत घालून मला घेऊन त्या दुकानात गेले. दुकानदाराने कंट्रोलर आपल्या मशीनला लावला, बटणं दाबून पाहिली, आणि काउंटरच्या काचेवर ठेवला. तो तिथे गप पडून राहिला. “पाहा, आता नाही करणार,” भाऊसाहेब म्हणाले, “हातात घेतला की करतो.” आणि त्यांनी तो उचलून हातात धरला. उजव्या अंगठ्याखाली तो थरथरायला लागला. दुकानदाराने हळूच कंट्रोलरची वायर काढून टाकली. थरथर चालूच होती. आम्ही तिघेही त्या हाताकडे पाहत होतो. मग दुकानदार म्हणाला, “काका, बसो. पाणी पिवो.” आणि स्टूल पुढे केलं. परतताना भाऊसाहेबांनी गाडी मला चालवायला दिली.

सुरतेच्या डॉक्टरांनी कंपवात सांगितला. गोळ्या सुरू झाल्या. आजार हळूहळूच वाढतो, घाबरू नका, असं सगळे म्हणाले, आणि मग सगळे त्यांच्याशी चांगलं वागायला लागले. हेच त्यांना सोसवेना. कारखान्यात मशीनवरून काढून त्यांना नव्या पोरांना शिकवायचं काम दिलं, टाळ्या वाजवून आणि शाल घालून. घरी ताई चहाचा कप अर्धाच भरून देऊ लागल्या. माझी बायको त्यांच्या ताटात भाकरी आधीच कुस्करून आणायची आणि वर म्हणायची की आज सगळ्यांसाठीच केलीये. बिल्डिंगच्या कॅरमवर भिडू त्यांच्यासाठी राणी भोकाच्या तोंडाशी आणून ठेवायचे. मी स्वतः वाद घालताना पटकन हार मानायला लागलो होतो, आणि हे माझ्या लक्षात येण्याआधी त्यांच्या लक्षात आलं. “तुम्हीही, साडूभाऊ?” एवढंच म्हणाले. मग जरा वेळाने म्हणाले, “सगळे माझा गेम सोपा करताहेत. मला कुणी विचारलं नाही.” त्यांचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर मला बरं वाटलं असतं.

त्यातच ते रविवारी जिंकायला लागले. अंगठा हलायला लागल्यापासून सायली त्यांना सहज पाडत होती, आणि अचानक ते पुन्हा डाव मारू लागले. गोळ्या लागू पडल्या, असं आम्हाला वाटलं. ताईंनी देवापुढे साखर ठेवली. भाऊसाहेब मात्र दिवसेंदिवस काळवंडत चालले. त्याचं कारण मला दिवाळीला कळलं. सायली पुण्याहून आली होती. फराळाच्या ताटल्या मांडीवर घेऊन आम्ही त्या शेवाळी हॉलमध्ये बसलो होतो आणि बापलेक जमिनीवर बसून खेळत होते. मधेच त्यांनी गेम थांबवला.

“सायली, तू उडी मारून खाली आलीस की खालून लाथ घालतेस. लहानपणापासूनची खोड आहे तुझी. ती लाथ कुठे गेली?”

“सवय बदलली, बाबा.”

“सवय बदलली तर तिथे दुसरं काहीतरी आलं असतं. तिथे नुसती जागा आहे. मी शिरावं म्हणून ठेवलेली.”

ताई आतून म्हणाल्या, “अहो, सणासुदीचं पोरीला कशाला बोलता? खेळतेय ना ती तुमच्याशी?” भाऊसाहेबांनी उजवा हात डाव्या हाताने दाबून धरला. “तेच विचारतोय मी,” ते म्हणाले. “ती माझ्याशी खेळतेय का मला खेळवतेय? हे बघ पोरी. तुला माझ्याशी खेळायचं नसेल तर नको खेळू, मला राग येणार नाही. पण बसलीस तर मला खेळात धर.”

मग ती खेळली. पहिला डाव इतक्या लवकर संपला की माझ्या हातातला लाडू तसाच राहिला. दुसराही तसाच. लाथ आली, तिच्यामागून दुसरी आली, आणि बापाचा पहिलवान उठेस्तोवर तिसरी. सायलीच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती ते पुसायला हातही काढत नव्हती, कारण हात काढला तर डाव सोडल्यासारखं झालं असतं. माझ्या बायकोला ते पाहवेना, ती ताटल्या घेऊन आत गेली. भाऊसाहेब हरत होते, हरत होते, आणि कित्येक महिन्यांत पाहिला नव्हता असा त्यांचा चेहरा उजळत होता. “हं. ही माझी पोरगी,” ते म्हणाले. “पुन्हा.” ती सगळी दुपार ते हरले. नंतर त्यांनी करंजी उचलली. तिचा अर्धा चुरा लुंगीवर सांडला, सारण सतरंजीवर गेलं. आम्ही कुणी हात पुढे केला नाही. एवढं तोवर आम्हालाही कळलं होतं. त्यांनी मागितलं असतं तर दिला असता.

पुढे एकदा त्यांनी खरंच मागितलं. उजव्या हाताने बटणं दाबणं जमेनासं झालं तेव्हा एका रविवारी त्यांनी ताईंना हाक मारली, “अगं, जरा इकडे ये. माझा उजवा हात हो.” ताई कणकेचे हात धुऊन आल्या. जन्मात कंट्रोलरला बोट न लावलेली बाई. डावीकडून पहिलवानाला हलवायचं काम त्यांनी स्वतःकडे ठेवलं आणि उजवीकडची चार रंगांची चार बटणं ताईंना दिली. “लाल,” ते म्हणायचे. “हे का?” “ते निळं.” तोवर सायलीची लाथ बसलेली असायची. सायलीने पुण्याहून हरकत घेतली, “बाबा, तूच म्हणायचास ना, सोपं करणं म्हणजे फसवणूक?” भाऊसाहेब म्हणाले, “न विचारता केलेलं. हे मी मागून घेतलंय. आणि तुझ्या आईमुळे हे सोपं झालंय असं तुला वाटत असेल तर इथे येऊन बघ.” एकाच कंट्रोलरवर दोघांचे हात ठेवून, खांद्याला खांदा लावून दोघं बसायची. दोघं दर रविवारी हरायची. ताईंना मात्र हळूहळू चेव चढायला लागला. रविवारी सकाळीच त्या भाजी चिरताना म्हणायच्या, “आज तिला बघतेच. फार शेफारलीये.”

अलीकडे आवाजही बसत चाललाय. एवढा बडबड्या माणूस, आता ओठाशी कान नेल्याशिवाय काय म्हणतोय ते कळत नाही. ताई वाकतात, रंग ऐकतात, सरळ होऊन बटण दाबतात, आणि तेवढ्यात तिकडून घाव येऊन गेलेला असतो. सायली थांबत नाही. ती थांबत नाही यासाठी तिला काय सोसावं लागत असेल, ते मला फोनवरच्या तिच्या श्वासावरून कळतं. चेहराही आता हलत नाही. डॉक्टर म्हणतात, या आजारात तसंच होतं, आत सगळं असतं पण चेहऱ्यावर येत नाही. मी समोर बसून काहीतरी मुद्दाम चुकीचं बोलतो, बाण कसा सोयीचा असतो वगैरे, भांडण काढायला. ते फक्त पाहतात. मला त्यांच्या प्रवचनांची इतकी आठवण येईल असं कुणी पूर्वी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं.

मागच्या रविवारी मी होतो. डाव संपला, नेहमीसारखा. “बाबा, हरलास,” सायली फोनवरून म्हणाली. मग थोडी थांबली आणि तिने विचारलं, “आई, हसतोय का गं तो?”

ताईंनी मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. मीही पाहिलं. गाल तसेच, ओठ तसेच, डोळे पडद्यावर. मला काही दिसलं नाही.

“हो गं, हसतायत ना,” ताई म्हणाल्या. “गालातल्या गालात.”

तिकडे सायली हसली. इतकी वर्षं तो चेहरा पाहिलेल्या बाईला माझ्यापेक्षा जास्त दिसत असेल. किंवा त्यांनाही काही दिसलं नसेल आणि त्यांनी पोरीला सांभाळून घेतलं असेल. विचारायची माझी छाती झाली नाही. पण भाऊसाहेबांनी ते ऐकलं होतं, आणि असल्या गोष्टीवर ते गप्प बसणारे नव्हेत, म्हणून मी त्यांच्याकडे पाहत राहिलो. त्यांनी ओठ हलवले. ताई वाकल्या, कान लावून ऐकलं, आणि फोनकडे तोंड करून म्हणाल्या, “पुढचा डाव लाव म्हणतायत.”